साखरेच्या डब्याखालचं पान

प्रिय ईरा आणि प्रिय नील,

मागच्या रविवारी ईराने फोनवर मला एक साधा प्रश्न विचारला आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. तिच्या वर्गात भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावला आहे. प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांच्या घरावर एक पिन टोचायची आहे. "आजी, तुझी पिन अकोल्याला लावू की अमरावतीला?" ईराने विचारलं. मागून नील ओरडला, "दोन्हीकडे लाव ना!" त्यावर ईराच म्हणाली, तसं होत नाही, या नकाशावर दोन गावांच्या मधे पिनच्या डोक्याइतकीसुद्धा जागा नाही.

मी म्हणाले, लिहून कळवते. नोकरीची सगळी वर्षं मी मुलांना इंग्रजी शिकवलं आणि "एका वाक्यात उत्तर लिहा" असं बजावत आले. या प्रश्नाचं उत्तर मला एका वाक्यात जमत नाही, म्हणून हे लांबलचक लिहायला घेतलं. आत्ताच लिहायचं आणखी एक कारण आहे. हे सगळं जवळून पाहिलेल्या, अमरावतीतल्या माझ्या स्नेही कुंदाताई मागच्या थंडीत गेल्या. पाहणारी माणसं कमी होत गेली की गोष्टीत मनाची भर पडते. माझ्याकडून ती पडायच्या आत लिहून ठेवते. तुम्हाला जिथे अडेल तिथे आईला वाचायला सांगा. वऱ्हाडी वाक्यं मात्र तिला वऱ्हाडीतच म्हणायला लावा. कॅलगरीला गेल्यापासून ती पुण्याच्या लोकांसारखी बोलते, असा माझा संशय आहे.

तर अकोला सोडलं तो दिवस. उन्हाळा संपत आला होता, पण अकोल्याचा उन्हाळा संपत आला तरी संपत नाही. दारात टेम्पो उभा होता. त्यात लोखंडी पलंग, आजोबांची खुर्ची आणि वाळ्याच्या जाळ्या लावलेला भला मोठा कूलर दोरीने बांधला होता. बाकी सगळं खोक्यांत होतं, आणि प्रत्येक खोक्यावर मी इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, किचन एक, किचन दोन, बेडिंग, पुस्तकं अ ते म. टेम्पोवाला खोकी चढवता चढवता म्हणाला, "मॅडम, सामान अमरावतीलेच जाऊन राहिलं ना? का इमानात बसवा लागते?"

तुमचे आजोबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी निवृत्त झाले होते. तुमची आई अमरावतीच्या कॉलेजात शिकवत होती आणि ईरा, तू नुकतीच जन्मली होतीस. तुला सांभाळायला मी निघाले होते. इतकं साधं कारण. घर इंगळे गुरुजींना भाड्याने दिलं. एक मागची खोली तेवढी कुलूप लावून स्वतःकडे ठेवली. त्यात काय ठेवलं होतं? काही गाद्या, आजोबांचे कोट, पितळेची भांडी. गरजेचं काहीच नाही. पण किल्ली पर्समधे टाकली तेव्हा बरं वाटलं. आपण जात नाही आहोत, नुसते बाहेर निघालो आहोत, असं वाटलं.

टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसले तेव्हा माझ्या आईचं एक बोलणं आठवलं. ती मूळची बाळापूरकडची. मी लग्न होऊन निघाले तेव्हा ती रडली नव्हती. म्हणाली होती, "पोरी, घर कोनतं ते मनात धरून बसू नको. दार उघडल्यावर 'आली का वं' म्हननारं कोनी असलं, म्हंजे ते घर." मला वाटलं, अमरावतीत ईरा म्हणेल. अजून बोलायला लागायची आहे, पण म्हणेल.

ईरा, तू म्हणालीसही. फ्लॅटचं दार उघडलं की तू "आजी आयी" म्हणायचीस. मग तू तीन वर्षांची झालीस आणि तुम्ही कॅनडाला गेलात. मी नागपूरच्या विमानतळावर तुम्हाला सोडून परत आले, कुलूप उघडलं, आणि आत फक्त फ्रिजचा आवाज होता.

रागावून लिहीत नाही. तुमच्या आईने मला बरोबर चल म्हणून खूप सांगितलं. मीच गेले नाही. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ज्या कामासाठी मी एक गाव सोडलं, ते काम संपलं, आणि मी दुसऱ्या गावात उरले. मग इथे का राहायचं? अकोल्याला घर आहे. तिथे परत जावं हे सरळ होतं. तरी मी दर महिन्याला ठरवायची आणि दर महिन्याला पुढे ढकलायची. कॉलिंग कार्डाचे आकडे खरवडून मी फोन लावला की तुमची आई एकच विचारायची, "आई, ठरलं का?"

त्याच दिवसांत मी कुंदाताईंच्या बैठकीत जायला लागले.

कुंदाताई पोस्टातून निवृत्त झालेल्या. बडनेरा रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं बैठं घर. दर शनिवारी दुपारी तिथे कथा लिहिणारी सात-आठ माणसं जमत. संध्याकाळी लोडशेडिंग असायचं, म्हणून दुपारचा उजेड. नावाजलेलं कोणी नव्हतं. कधी एखाद्या दिवाळी अंकात काही छापून आलं तर पेढे यायचे, एवढंच. मी कथा कधी लिहिली नव्हती, नुसती ऐकायला गेले.

या बैठकीचा एक रिवाज होता. तो कुंदाताईंनी घालून दिलेला आणि त्या फार कडक होत्या. ज्याची कथा असेल त्याने ती नाव न लिहिता आधी त्यांच्या दारावरच्या पेटीत टाकायची. वाचायची दुसऱ्या कोणीतरी. हस्ताक्षरावरून वाचणाऱ्याला लेखक कळायचा, पण त्याने तोंड उघडायचं नाही. कथेचं शेवटचं पान आधीच काढून टेबलावर पालथं ठेवायचं आणि त्यावर साखरेचा स्टीलचा डबा. कथा शेवटाच्या आधी थांबली की एकेकाने सांगायचं, पुढे काय होईल आणि काय व्हायला हवं. लेखकानेही त्यात काहीतरी बोलायचं, म्हणजे तो ओळखू येणार नाही. मग कुंदाताई डबा उचलत, पान वाचलं जाई. आणि सगळ्यात शेवटी, ज्याची कथा असेल त्याने उठून तो डबा हातात घ्यायचा आणि आत जाऊन सगळ्यांसाठी चहा करायचा. लेखक कोण ते असं कळायचं. कौतुक असो की टीका, ती आधीच होऊन गेलेली असायची, आणि तो बिचारा आत गॅसपाशी उभा असायचा.

ते दिवस वऱ्हाडासाठी वाईट होते. तुम्हाला ते कसं सांगावं कळत नाही. सकाळी पेपर उघडला की आतल्या पानावर कोणा शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी असायची, आणि त्याचं गाव आपल्या माहितीतलं निघायचं. दिल्ली-मुंबईची माणसं गाड्या घेऊन यायची, फोटो काढायची, जायची. आम्ही शहरात राहणारी माणसं, आमच्या घरी नळाला पाणी, पण आमच्या कथांत दुसरं काही येईना. विशेषतः वानखडे सरांच्या. ते कॉलेजात मराठी शिकवायचे, मूळ दर्यापूरकडच्या खेड्यातले, फार कळकळीचा माणूस. त्यांच्या प्रत्येक कथेत शेतकरी असायचा आणि डब्याखालच्या पानावर तो मरायचा.

बैठकीत खरा शेतकरी एकच, भास्करराव. वलगावचे. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भाजी आणि फुलं. पहाटे लूनावर झेंडू-शेवंतीची पोती लादून अमरावतीच्या फूलबाजारात यायचे, आणि शनिवारी काम उरकून थेट बैठकीला. त्यांच्या शर्टाला कायम शेवंतीचा वास. त्यांच्या कथा सगळ्या विनोदी, आणि प्रत्येक कथेत एक म्हैस. म्हैस वरातीत शिरायची, म्हैस सरपंचाचं उपोषण मोडायची. स्वतःच्या कथेवर सगळ्यांत मोठ्याने तेच हसायचे, त्यामुळे चहाची वाट बघायची गरज नसायची.

एकदा वानखडे सरांची कथा भास्कररावांनाच वाचायला आली. शेवट सांगायची पाळी आली तसे ते म्हणाले, "डबा उचलूच नका जी. मेला असन."

"म्हणजे काय?" वानखडे सर नियम विसरून उसळले.

"म्हंजे काय, म्हंजे काय! दर शनवारी एक मानूस मारता तुमी. मले त आता या टेबलाकडं पायलं का सुतक आल्यासारखं वाटते."

"मग लिहायचं नाही? डोळे मिटून बसायचं?"

"लिहा ना. कोन नाई म्हनते? पन एखाद्याले जगू द्या ना बावा. काहून मारता?"

नसीमाआपांनी मधे पडून विषय मिटवला. त्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, माहेर अचलपूरचं, सासरी कापडाचं दुकान. "भास्करराव," त्या म्हणाल्या, "तुमची म्हैस मरत नाही म्हणून आम्ही कधी तक्रार केली का? अब चुप बैठो." सगळे हसले. वानखडे सर मात्र हसले नाहीत. त्यांनी डबा उचलला आणि आत गेले. पान कोणी वाचलंच नाही. भास्कररावांचा अंदाज बरोबरच होता, हे सगळ्यांना माहीत होतं. दोघांपैकी कोणाचं खरं होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

त्या वर्षी दसऱ्याआधी इंगळे गुरुजींचा फोन आला. त्यांना शाळेजवळ दुसरं घर मिळत होतं. "मॅडम, तुम्ही परत येणार असाल तर मी ते घेतो. नसाल तर इथेच राहतो. दिवाळीआधीच्या शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर ते घर जाईल." हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी बसने अकोल्याला गेले, नुसतं घर बघायला. बेल वाजवली. गुरुजींची पाहुणी आलेली बहीण दारात आली आणि म्हणाली, "कोण पाहिजे?"

गुरुजी धावत आले, सारवासारव झाली. मला बाहेरच्या खोलीत बसवून पाणी दिलं. माझ्याच खिडकीखाली मी पाहुणीसारखी बसले. ओट्यावर त्यांच्या घरच्या भाकरीचा वास होता, आणि तो चांगला होता. मागची खोली उघडली, कोटांवरची धूळ झटकली, पुन्हा कुलूप लावलं. परत येताना वाटलं, माझं आता अमरावतीच खरं. पण बस मूर्तिजापूरला थांबली, खिडकीतून गरम भजी घेतली, आणि ओळखीचा अकोल्याचा उकाडा मागे राहिला तसं तेही खरं वाटेना. अमरावतीत उतरून फ्लॅटपाशी आले तर वॉचमनने विचारलं, "कोनाकडं?" तो नवीन होता, त्याची काही चूक नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, आपलं नाव एकाच ठिकाणी कुठेतरी आहे, आणि ते मूर्तिजापूरच्या भजीवाल्याकडे असावं.

हे मी कोणाला सांगणार? मी त्याची कथा लिहिली.

कथेत विमल नावाची बाई होती. मुलगी परदेशी गेलेली, विमल एका शहरात, बंद खोलीची किल्ली दुसऱ्या शहरातली. समास आखून, पानांना आकडे घालून, अगदी नीट लिहिली. शेवट मात्र होईना. एका पानावर मी लिहिलं की विमल परत जाते आणि खिडक्या उघडते. ते वाचलं, खोटं वाटलं. दुसऱ्या पानावर लिहिलं की ती किल्ली भाडेकरणीच्या हातात देते आणि परत फिरते. तेही खोटं वाटलं. दोन्ही पानांवर आकडा एकच. एक काढून टाकायचं आणि दुसरं द्यायचं असं ठरवलं होतं, आणि दोन्ही तशीच कुंदाताईंकडे गेली. मी विसरले की मुद्दाम ठेवली, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

वाचायला कथा आली भास्कररावांकडे. त्यांनी ती चांगली वाचली, मधे एकदाही हसले नाहीत. शेवटाआधी थांबले. आणि मग मला तासभर बसून ऐकावं लागलं की माझं काय होणार.

वानखडे सर म्हणाले, "ही बाई त्या फ्लॅटमधेच जाणार. शेजाऱ्यांना चार दिवसांनी कळेल."

"काय हो सर, बाई शेतकरी थोडीच आहे!" कोणीतरी म्हणालं.

कुंदाताईंचं मत, की तिने परत जावं, घर ते घर. नसीमाआपा म्हणाल्या, "ही कहीं नहीं जाती. ही किल्ली हातात धरून बसते. परत गेली आणि तिथे करमलं नाही तर मग कुठे जाणार? म्हणून जात नाही. किल्ली आहे तोवर एक घर शिल्लक आहे." आणि माझ्याकडे बघून, "तुम्हाला काय वाटतं, नलिनीबाई?"

नियमाप्रमाणे मला बोलणं भाग होतं. मी म्हणाले, "मला काही सांगता येत नाही." इतकं खरं मी त्या बैठकीत दुसरं काही बोलले नसेन.

कुंदाताईंनी डबा उचलला. भास्कररावांनी पान वाचलं, विमल परत गेली. कुंदाताईंनी समाधानाने मान हलवली. तेवढ्यात भास्करराव म्हणाले, "थांबा जी. याले चिकटून अजून एक पान हाय. नंबर तोच."

"असं कसं? हे रिवाजात बसत नाही."

"बसत नाई त नाई. वाचू का?"

त्यांनी वाचलं. विमलने किल्ली देऊन टाकली. कुंदाताईंनी डबा टेबलावर परत ठेवला आणि वाट पाहू लागल्या. मला उठायचं होतं. अकोल्याचा उकाडा, कूलर, मुलगी परदेशी, सगळ्यांना कळलंच असणार होतं. पण उठले की कोणीतरी विचारणार, यातलं खरं पान कोणतं? पंखा फिरत होता, सगळे डब्याकडे बघत होते, आणि मी माझ्या चपलांकडे.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भास्करराव उठले होते. त्यांनी डबा उचलून काखेत मारला.

"काय पाह्यता असे? कथा माही हाय."

वानखडे सर सावकाश म्हणाले, "तुमची? ज्याची कथा त्याने वाचायची नसते. आणि यात म्हैस कुठे आहे?"

"म्हैस अकोल्याले गेली," भास्करराव म्हणाले आणि आत गेले.

ते हसणं मला अजून ऐकू येतं. त्यांनी केलेला चहा भयंकर होता, साखरेचा नुसता पाक. सगळ्यांनी निमूटपणे प्यायला, आणि वलगावच्या माळ्याला अकोल्याच्या विधवेच्या मनातलं बारीकसारीक कसं कळलं, याबद्दल कुंदाताईंनी गंभीरपणे त्यांचं अभिनंदन केलं. कुंदाताईंना खरंच समजलं नव्हतं, का त्याही या नाटकात सामील होत्या, ते मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही.

निघताना मी फाटकापाशी भास्कररावांना गाठलं. "भास्करराव, तुम्ही का उठलात?"

ते लूनाला किक मारत होते. "मॅडम, तुमी उठल्या असत्या त त्याइनं तुमाले इचारलं असतं, कोनतं पान खरं. तुमचं त अजून ठरलंच नाई. मंग काहून सांगाव?" मग किक मारायचं थांबवून म्हणाले, "माही विहीर खाली चालली. पोरं म्हनतात, वावराचे प्लॉट पाडा. मी हो बी म्हनत नाई, नाई बी म्हनत नाई. पन आजकाल बजारात कोनी भेटलं का माह्या तोंडाकडं असं पाह्यते, जसं काही डब्याखालचं पान वाचूनच आला. मले नाई आवडत. मानसाले त्याचं पान त्याच्या हातानं पलटू द्या लागते."

आणि लूना सुरू होऊन ते गेले. मला वाटलं, विनोदी लिहिणाऱ्या या माणसाला मी आज पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर भास्करराव बैठकीला आले नाहीत. पहिल्या शनिवारी वाटलं, बाजारात अडकले असतील. दुसऱ्या शनिवारी नसीमाआपांनी मोबाइल लावला, तर तो बंद. मग म्हैस नसलेल्या दोन कथा वाचल्या गेल्या आणि चहा लवकर उरकला. कोणाच्या मनात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते तोंडाने काढायची कोणाची छाती नव्हती.

मग तो दिवाळीआधीचा शनिवार आला. गुरुजींना उत्तर द्यायचा दिवस. फोनवर सांगायचं नाही, समोर जाऊन सांगायचं, असं मी ठरवलं होतं. काय सांगायचं ते माहीत नव्हतं. मूर्तिजापूर येईपर्यंत कळेल, असा विचार करून बॅग भरली आणि खाली उतरले. तर फाटकाशी वानखडे सर स्कूटर घेऊन उभे. दाढी वाढलेली. हातात पेपरची गुंडाळी. म्हणाले, "मॅडम, वलगावकडच्या एका गावाची बातमी आहे. गेलेल्याचं नाव दिलेलं नाही. तुम्ही माझ्याबरोबर चलता का? मला एकट्याला जायची हिंमत होत नाही."

ज्या माणसाने दर महिन्याला एक मरण लिहिलं, तो हे म्हणत होता. मी बॅगेसकट स्कूटरवर बसले. पेढी नदीचा पूल गेला, पात्रात पाणी नव्हतं. मला आठवतं, मी मनात एकच म्हणत होते, देवा, तो डबा पालथाच राहू दे. डबा नव्हे, पान पालथं असतं. भीतीत माझी वाक्यरचनासुद्धा बिघडली होती.

भास्कररावांचं घर मळ्यातच. त्यांची बायको अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने मला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मान वर करून म्हणाली, "आल्या का? या, या. बसा."

"भास्करराव कुठे आहेत?" वानखडे सरांनी विचारलं.

"ते विहिरीत हायेत."

सर खाली बसले. तिथेच, मेथीच्या काड्यांवर. त्या माउलीला काही कळेना, ती माझ्याकडे बघायला लागली. आणि मळ्याच्या टोकाकडून, जमिनीच्या पोटातून यावा तसा आवाज आला, "कोन आलं गा?"

आम्ही धावलो. विहिरीत खाली भास्करराव आणि दोन गडी, गुडघाभर चिखलात, टोपलीत गाळ भरत होते. त्यांनी वर पाहिलं. काठावर आमची दोन डोकी, वानखडे सरांच्या हातात पेपर, माझ्या हातात बॅग. त्यांना क्षणात सगळं उमगलं असावं.

"काय हो सर," खालून ते ओरडले, "बसायले आले का?"

नील, तुला हे कळणार नाही. कोणाच्या घरी मरण झालं की आपल्याकडे लोक त्या घरी भेटायला जातात, त्याला बसायला जाणं म्हणतात.

"मोबाइल का बंद आहे तुमचा?" वानखडे सर ओरडले. ते रागावले होते आणि त्यांचे डोळे वाहत होते.

"मोबाइल विहिरीत पडला ना! तोच शोधून राहिलो!"

ते वर आले, चिखलाने माखलेले. मोबाइल खरंच पडला होता. पण गाळ काढत होते तो पाण्यासाठी. मुलांना त्यांनी सांगितलं होतं, अर्धं वावर तुमचं, त्याचे प्लॉट पाडा. अर्ध्यात मी झेंडू लावतो. त्या घाईत बैठक राहिली. पंधरा मिनिटं वानखडे सर त्यांना टाकून बोलत होते आणि ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सर, आता एक काम करा. पुढच्या कथेत त्याले विहिरीतून बाहेर काढा." सरांनी नाक पुसलं.

बाईंनी चहा आणला. तेव्हा भास्कररावांचं लक्ष माझ्या बॅगेकडे गेलं. "मॅडम, तुमी कुठं चालल्या होत्या?"

"अकोल्याला."

"मंग?"

मी घड्याळ बघितलं. बस कधीच गेली होती. दुसरी मिळाली असती. मी वलगावच्या चौकातल्या पीसीओवरून इंगळे गुरुजींना फोन लावला आणि म्हणाले, "राहा तुम्ही. यंदा मी येत नाही." मी "यंदा" म्हणाले. का म्हणाले माहीत नाही. दर दिवाळीआधी मी त्यांना अजून तसंच सांगते, आणि तेही आता विचारत नाहीत. मागच्या खोलीत त्यांचा मुलगा अभ्यास करतो. दुसरी किल्ली करून मीच दिली. पहिली माझ्याकडे आहे.

तर मी ठरवलं असं काही नाही, मुलांनो. तुमच्या आईला वाटतं आई अमरावतीत स्थिरावली. गुरुजींना वाटतं मॅडम एक दिवस येतील. दोघांनाही मी खोडून काढत नाही. त्या दिवशी मी निघाले होते अकोल्याला आणि पोचले वलगावला, आणि ज्या बाईने मला "आल्या का" म्हटलं तिला माझं नावही ठाऊक नव्हतं. माझ्या आईच्या हिशेबाने मग माझं घर तिच्या अंगणात म्हणायचं का? मला याचा उलगडा होत नाही. पूर्वी याचा त्रास व्हायचा. आता विशेष होत नाही.

कुंदाताई गेल्यावर त्यांच्या मुलाने साखरेचा डबा मला आणून दिला. तेव्हापासून बैठक माझ्या फ्लॅटमधे भरते. लिफ्ट बंद असली की नसीमाआपा तीन मजले चढून येतात आणि सगळा वेळ लिफ्टवाल्यांचा उद्धार करतात. वॉचमन आता शनिवारी कोणाला काही विचारत नाही. वानखडे सरांच्या कथेत अजून माणसं मरतात, पण सगळी नाही.

ईरा, पिन अमरावतीला लाव. टोचताना सरकून अकोल्यावर गेली तर काढू नकोस.

भास्कररावांचं वावर अर्धं उरलं आहे. विहिरीला पाणी आहे. शनिवारी दुपारी ते येतात, त्यांच्या शर्टाला शेवंतीचा वास असतो, आणि दार मी उघडते.

तुमची,
आजी